मधलं शून्य

करवीर तालुक्यातल्या आमच्या शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या. एका तुकडीला वजाबाकी फळ्यावरून शिकवली, ‘शेजारच्याकडून हातचा घ्या’ म्हणत. दुसरीला काड्या-फाशांच्या खेळातून. चाचणीत दोघांनाही एकच गणित: ४०२ − १५७, बरोबर उत्तर २४५.

फळ्याच्या तुकडीत बरीच उत्तरं २५५. चाराचे तीन केले, हातचा थेट एककाला दिला, मधल्या शून्याला कुणी विचारलंच नाही. शून्यातून पाच जात नाहीत, मग पाचच लिहिले. हे अपेक्षितच होतं. पण खेळाच्या तुकडीत ३५५ निघाले! प्रत्येक घरात सरळ मोठ्यातून लहान वजा. हीच पोरं काड्यांवर बिनचूक होती. “शंभराचा मोडतो की, सर,” म्हणत एका पोरीनं शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा केले, त्यातला एक मोडून दोनाच्या बारा सुट्या काड्या केल्या. वहीत तिचंही ३५५.

खेळ असा होता: चौघांचा गट, शंभर काड्या, दोन फासे, बेरीज येईल तेवढ्या काड्या परत. यात शंभराचा गठ्ठा डावात एकदाच मोडतो, आणि वही दप्तरातच राहते. शिवाय चौघांतला हुशार पोरगा सगळ्यांच्या काड्या मोजून देतो आणि बाकीचे फक्त फासे टाकतात. प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही. तिथं आनंददायी शिक्षणाचे फोटो ग्रुपवर टाकले की झालं.

म्हणून नियम बदलले. सुरुवात ४०० पासून. लाल फासा दशकाचा, पांढरा एककाचा. लाल ३, पांढरा ५ म्हणजे ३५ द्यायचे. पहिल्याच फेकीला दोन्ही शून्यं आडवी येतात, टाळताच येत नाहीत. खेळणारा गठ्ठा मोडेल त्याच वेळी उजवीकडच्यानं वहीत आकडा खोडून नवा लिहायचा: ४ चे ३, मधे ९, शेवटी १०. काड्या आणि वही जुळली नाही तर फेक बाद. भांडणं वाढली, पण ३५५ कमी झाले. गठ्ठ्यांची रबरं मात्र रोज तुटतात, जादा ठेवावी लागतात.

पाढ्यांना मी हा खेळ लावत नाही. तिथं सकाळी एका सुरात म्हणणंच भारी. फासे टाकून सात आठे छप्पन्न यायला तास जातो. फळ्याच्या तुकडीचं कोडं वेगळंच आहे. त्यांना १००० − १ दिलं, तर तीनही शून्यं शिस्तीत खोडून ९९९ काढतात. ९९९ नंतर काय येतं, हे त्यांतल्या प्रत्येकाला तोंडी येतं.