पिकियातून प्लेक्टासिन: बनतं ते, मग जातं कुठे?

प्लेक्टासिन हे बुरशीत सापडलेलं ४० अमिनो आम्लांचं डिफेन्सिन (जिवाणूंना मारणारं लहान पेप्टाइड), २००५ साली जाहीर झालेलं. जिवाणूची पेशीभित्तिका ज्या लिपिड-२पासून बांधली जाते, त्यालाच ते धरून बसतं. म्हणून मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसवरही चालतं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर (ज्यांना बाहेरून आणखी एक पटल असतं) मात्र त्याच्याकडून फारशी आशा नको. ते बनवायला ई. कोलाय हा जिवाणू सोडून आम्ही पिकिया पास्टोरिस हे यीस्ट घेतलं ते प्लेक्टासिनमधल्या तीन डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांसाठी. यीस्टच्या स्रवणमार्गात ते नीट जुळतात आणि पेशी फोडायची कटकट राहत नाही.

प्लेक्टासिनचं जीन अल्फा-फॅक्टरमागे (पेप्टाइडला पेशीबाहेर नेणारा यीस्टचा संकेत) जोडताना, केक्स२ हे यीस्टचं एन्झाइम जिथे कापतं त्या लायसिन-आर्जिनिनला लागूनच पेप्टाइड सुरू करावं. मधले ग्लुटामिक-अलानिनचे तुकडे ठेवले तर ते कधी कधी अर्धवट कापले जातात आणि टोकाला नको तो ऋणभार राहतो. हे जीन वाहणारं प्लाझ्मिड (डीएनएची कडी) एओएक्स१च्या, म्हणजे मिथेनॉलवर चालू होणाऱ्या जीनच्या, भागात कापून सरळ करायचं, ५ ते १० मायक्रोग्रॅम घ्यायचं आणि इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घालणं) करायचं. डीएनएत मीठ उरलं की क्युव्हेटमध्ये (झटका देण्याच्या लहान कुपीत) ठिणगी उडते. प्लाझ्मिड घेतलेल्या पेशी निवडायला झिओसिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, प्लेट अंधारात.

बीएमजीवाय या ग्लिसरॉलच्या माध्यमात वाढवून पेशी बीएमएमवाय या मिथेनॉलच्या माध्यमात घ्याव्यात. ग्लिसरॉल उरलं तर एओएक्स१चा प्रोमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) दबलेलाच राहतो. मग दर २४ तासांनी ०.५ टक्के मिथेनॉल, तीन-चार दिवस.

गोव्यात खरी कसोटी इथे लागते. कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात एसी बंद पडला की वाढीला हवे असलेले २८ अंश विसरा. ३२च्या वर गेलं की उत्पादन बसतं. पावसाळ्यात फ्लास्कच्या तोंडाचे कापसाचे बोळे ओलावा धरतात आणि बुरशी त्यातून आत उतरते. ते ओलसर दिसले की बदलायचेच. वीज गेली तर? मिथेनॉलवर जगणाऱ्या पेशींना भरपूर प्राणवायू लागतो. शेकर थांबला की काही मिनिटांतच तो संपतो. इन्व्हर्टरवर आधी शेकर, मग बाकीचं. बंद पडलेला वेळ मोठा असेल तर मिथेनॉलचा पुढचा डोस तेवढाच पुढे ढकलावा, नाहीतर ते साठून विषारी ठरतं.

बनलेलं पेप्टाइड प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, खातात. दर २४ तासांनी नमुना गोठवून ठेवला तर जेलवर पेप्टाइडची पट्टी कुठे फिकी पडू लागली ते कळतं; १ टक्का कॅसअमिनो आम्लं (पचवलेलं दुधाचं प्रथिन) घातल्यास प्रोटिएझना दुसरं खाद्य मिळतं. शुद्ध करताना डायलिसिसची नेहमीची पिशवी, जी १२-१४ किलोडाल्टनहून लहान रेणू बाहेर सोडते, ती तर वापरूच नये. प्लेक्टासिन जेमतेम ४.४ किलोडाल्टन आहे, ते बफरबरोबर मोरीत जाईल! माध्यमातला १०० मिलिमोलर फॉस्फेट चार-पाच पट पातळ करून, पीएच ४-५ला आणून, धनभारित रेणू धरणाऱ्या कॅटायन-एक्सचेंज कॉलमवर चढवलेलं बरं. तपासायला जेल ट्रायसिनचं (लहान पेप्टाइडं वेगळी दाखवणारं) घ्यावं. पेप्टाइड आधी जेलमध्ये स्थिर (फिक्स) न करता जेल धुतलं तर एवढं लहान पेप्टाइड जेलमधून निघून जातं आणि काहीच बनलं नाही असा गैरसमज होतो.

एमआयसीसाठी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) प्लेट पॉलिप्रॉपिलिनची; पॉलिस्टायरिनला धनभारित पेप्टाइडं चिकटतात आणि आकडा फुगतो. जिवाणू प्रति मिली ५ लाख, म्युलर-हिंटन माध्यम, १६ ते २० तास. एमआरएसए (वर सांगितलेला मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस) बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) कक्षाबाहेर काढू नये. रिकाम्या प्लाझ्मिडच्या (प्लेक्टासिनचं जीन नसलेल्या) क्लोनचं द्रवही त्याच कॉलमवरून नेऊन शेजारच्या ओळीत लावायचं. तिथेही वाढ थांबली तर मारेकरी प्लेक्टासिन नसून बफर किंवा उरलेलं मिथेनॉल असतं.