अर्धा इंच

आमच्या बैठकीत आईनं दोसुतीवर भरलेली एक फ्रेम आहे, बायबलमधलं वचन, मीखा 6:8. नीतीने वागणे, आवडीने दया करणे, देवासमोर नम्रभावाने चालणे. संडे स्कूलपासून पाठ. पाठ असलेलं वचन माणूस वाचत नाही, हे मला या नाताळच्या तोंडावर कळलं.

नागपुरात सदर भागातल्या आमच्या कॅथेड्रलमध्ये पाळकसाहेबांनी तोच अध्याय घेतला, पण आठव्या वचनावर थांबले नाहीत. दहावं-अकरावंही वाचलं. तिथे देव कमी भरणाऱ्या मापाबद्दल, खोट्या तराजूबद्दल, थैलीतल्या लबाड वजनांबद्दल जाब विचारतो. मीखा हा संदेष्टा मोरेशेथ गावचा, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला. बाजारात गरीब कसा नागवला जातो, ते त्याला बरोबर ठाऊक होतं. मला वाटलं, हे दुकानदारांसाठी. माझंही ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, पण तराजू कुठे आहे माझ्याकडे!

सप्टेंबरमध्ये एका बाईंचा ब्लाउज छातीत घट्ट झाला. आतली शिलाई उसवून पाहिली, तरी पुरेना. मी त्यांना कापडाचे चारशे रुपये भरून दिले आणि नऊ वर्षांपासून माझ्याकडे कापणाऱ्या-शिवणाऱ्या ताईंच्या पगारातून कापले. वर त्या बाईंसमोर ताईंना बोलले. ताई एवढंच म्हणाल्या, "काकू, मी त तुमी लिहून देल्लं तेच माप घेतलं." त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला त्या नवी पांढरी साडी घेणार होत्या. घेतली नाही, हे मला माहीत होतं.

उपासनेनंतरच्या सोमवारी सहज दोघींच्या टेप कटिंगच्या टेबलावर शेजारी-शेजारी पडल्या होत्या. टोकं जुळवली. छत्तिसाच्या खुणेवर माझी टेप अर्धा इंच पुढे. वर्षानुवर्षं ओढून ताणलेली. म्हणजे अंग साडेछत्तीस असलं तरी माझ्या टेपवर छत्तीसच दिसणार, मी छत्तीस लिहिणार आणि ताई आपल्या चांगल्या टेपनं नेमकं छत्तीस कापणार.

कमी भरणारं माप माझ्या गळ्यातच लटकत होतं.

आधी मनात आलं, नाताळ आलाच आहे, करंज्यांच्या डब्याबरोबर पाकिटात चारशे घालून देऊ. त्यांनाही बरं वाटेल, मलाही. रात्रभर तेच घोळत राहिलं आणि पहाटे त्याची लाज वाटली. पैसे त्यांचेच. त्यांचेच पैसे त्यांना भेट म्हणून द्यायचे, वर दयाळू म्हणवून घ्यायचं, ही तर दुसऱ्यांदा लबाडी. येशूनं सांगितलंय, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ताई समोरच्याच मशीनवर बसत होत्या आणि मी दर रविवारी अर्पणाच्या थैलीत नोट टाकत होते.

बोलले होते चारचौघांत, तर परतही चारचौघांतच करायला हवं होतं. त्या गिऱ्हाईक बाईंना बोलावून घेतलं. दुकानात आणखी दोघी होत्या. ताईंच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "चूक टेपची होती." जीभ चावली. पुन्हा म्हणाले, "चूक माझी होती."

ताई म्हणाल्या, "मले मालूम होतं, काकू. टेप ताणली हाये तुमची. दसऱ्यापासून मी अर्धा इंच जास्तच कापून राहिली."

तेव्हा आठवलं, त्यानंतर एकही ब्लाउज परत आला नव्हता. माझ्या दुकानाचं नाव त्या गुपचूप सांभाळत होत्या, पगार कापला गेल्यावरसुद्धा. फ्रेममधलं ते 'आवडीने' मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमी पुन्हा चिडल्या असत्या."

यावर मला उत्तर नव्हतं. ती टेप मी तिथेच कात्रीनं कापली.

ताईंनी नोटा मोजून पर्समध्ये ठेवल्या. मग म्हणाल्या, "गोष्ट निघालीच हाये त अस्तराच्या ब्लाउजचा रेट पाहा जरा. तीन वर्षं झाले वाढवून."

मी वही काढली. खरंच तीन वर्षं झाली होती.