तुम्ही विचारलंत म्हणून: लॅम्बटनच्या वाटेवर कशाला जाता?

‘ज्यांनी देश मोजला तो गिळायला, त्यांच्या मागावर तुम्ही कशाला हिंडता?’ हिंगणघाटात हे इतक्यांनी विचारलंय, की आता एकदाच काय ते लिहून टाकतो.

विल्यम लॅम्बटन, दक्षिण भारताची मोजणी सुरू करणारा इंग्रज अधिकारी, आमच्या गावात वारला, हैदराबादहून नागपूरला जाताना, जानेवारी १८२३मध्ये. पण मी दक्षिणेत जातो ते त्याच्या कबरीपायी नव्हे. १८०२च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्यानं साडेसात मैलांची आधाररेषा, म्हणजे सगळ्या मोजणीचा पाया असलेली सरळ रेषा, मोजायला घेतली. तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माणसं पार पश्चिम किनाऱ्याला भिडली, आणि नकाशातला दक्षिण भारत प्रत्यक्षाहून सुमारे चाळीस मैल जास्त रुंद काढलेला निघाला. या कामाची मला ओढ आहे. ती मी का लपवू?

आणि हो, हा माणूस श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात लढला होता. टिपू पडला, मुलूख हाती आला, मग मोजणी आली. मला ठाऊक आहे. दरवेळी नव्यानं ऐकवू नका.

तंजावरचं मात्र सांगायला हवं. कावेरीच्या सपाट मुलखात टेकड्या नाहीत, लांबवर नजर टाकायची तर देवळांवरच चढायला हवं. १८०८मध्ये अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बृहदीश्वराच्या देवळाच्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरावर, चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं तीन फुटी वर्तुळ वाकलं. लॅम्बटननं तंबूत बसून, पाचरी नि स्क्रू लावून, सहा आठवड्यांत ते पूर्ववत केलं. विमानाखाली उभं राहून हे सांगताना माझा आवाज कापला. बरोबर तंजावरचे एक मराठी गृहस्थ होते. ते बोलले नाहीत, मला प्राकारात भिंतीपाशी घेऊन गेले. तिथं भोसल्यांचा इतिहास कोरलाय, मराठीत, बारीक अक्षरांच्या ओळींवर ओळी. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेला. मग ते म्हणाले, “१७९९लाच कंपनीनं राज्य घेतलं होतं. राजाकडे राहिलं शहर नि किल्ला. साहेब विमानावर यंत्र चढवतो म्हणाला, तर नाही म्हणायची टाप कुणाची होती? आणि तुम्हाला हळहळ यंत्राची?”

मी गप्प राहिलो. रात्री लॉजवर वहीत फक्त त्यांचं वाक्य लिहिलं.

पूर्वी मी ठासून सांगायचो, कोनाला राजा नसतो. त्या माझ्याशी आता मी भांडतो: कोनाला राजा नसेल, पण यंत्र कुठं चढवायचं हे ठरवणाऱ्याला होता. त्यावर तो विचारतो, मग चुकीचाच नकाशा बरा होता का? दोर ओढणारे, झेंडे धरून उन्हात उभे राहणारे, तापानं जंगलात गेलेले आपलेच ना? त्यांचं काम साहेबाच्या खात्यात टाकून मोकळं व्हायचं? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. तंजावरच्या गृहस्थांचंही नाही.

पावसाळा संपला की बिदरकडे निघणार आहे. १८१५ची आधाररेषा त्या भागात मोजली होती. ज्यांना विचारायचंय त्यांनी बरोबर या, वाटेत भांडू.