दहावा मैल

दुपारच्या चहाला कुणी विचारावं, "दिल्ली किती लांब हो?" नाशिकचा माणूस किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. मुंबई चार तास, पुणे पाच, आणि वर 'घाटात अडकलो नाही तर' हे शेपूट. दिल्लीला मात्र ओझरहून विमान, म्हणून उत्तर तयार असतं : "दोन तास."

अंतर खरंच मोजायचं तर शाळेतला नकाशा काढावा. पूर्वी त्यावर दोरा ठेवत. कोरडा दोरा वळणावर उसळायचा, म्हणून तो जिभेवर ओला करायचा. मनमाड, भुसावळ, इटारसी असा रुळाच्या कडेने बसवायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा. रेल्वेचे साडेतेराशे किलोमीटर त्यातून निघायचे, थोडे इकडेतिकडे. दोरा जास्त ताणला की हमखास चुकायचे.

विमानाला दोरा लागत नाही, अक्षांश पुरतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. ओझर विसाच्या जरा वर, दिल्लीचा विमानतळ साडेअठ्ठावीसवर. फरक 8.4 अंशांचा, म्हणजे उत्तरेला सुमारे 935. पूर्वेला 3.2 अंश, पण रेखांश वर जाताना एकमेकांजवळ सरकतात, म्हणून इथे अंशाला 101च धरायचे. झाले 323. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : 990 किलोमीटर. पायथागोरस शाळेत उगाच शिकवला नव्हता, एवढं तरी समाधान.

जेट ताशी 800ने जातं, मग सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर दोनच्या आसपास तास का? कारण ती वेळ हवेतली नसते. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दिल्लीत पुन्हा लावेपर्यंतची असते. मिग आणि सुखोई जिथे जुळले, त्या ओझरच्या धावपट्टीपर्यंत आधी रांगत जायचं. दहा हजार फुटांखाली वेगाला लगाम, साधारण ताशी 460. उतरण्याचा हिशोब तर फारच छान : उंचीचे हजार फूट गुणिले तीन, इतक्या सागरी मैलांवर खाली यायला सुरुवात. 35 हजारांवर असाल तर 105 सागरी मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर आधी. प्रवासाचा पाचवा हिस्सा नुसता उतरण्यात! वर दिल्लीच्या आकाशातल्या घिरट्या, आणि कंपनीने पदरी बांधून ठेवलेली थोडी जादा मिनिटं. म्हणूनच वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी 'वेळेवर' पोचतं. जानेवारीच्या धुक्यात मात्र यातलं काहीच लागू पडत नाही.

घरापासून धरलं तर नाशिकचा द्वारका चौक ओलांडायला लागेल ती वेळ, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून त्याच्याही आधी पोचणं, उतरल्यावर पट्ट्यावरच्या बॅगेची वाट. सहा तास सहज.

ओझरच्या वाटेवर महामार्गाला दहावा मैल लागतो. मैल जाऊन किलोमीटर येऊन किती वर्षं झाली, पण रिक्षावाला 'सोळावा किलोमीटर' म्हणत नाही. म्हणून बघा, तो गाडी थांबवून तुमच्याकडे पाहील.

तर, दोन तास. तरी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून मिळतेच, रात्रीच्या गाडीला बसवल्यासारखी.