मटाराचा दाणा

दुपारी मटार सोलत बसले होते. एक दाणा टुणकन उडाला, घरंगळत फ्रीजखाली गेला, आणि मला जर्मनीतल्या कोलोन शहराची शिंपीण आठवली.

कोलोनच्या कॅथेड्रलजवळ एक कारंजं आहे, १८९९ सालचं. वर कंदील धरून शिंपीण उभी, आणि खाली जिन्यावरून टोप्या घातलेले बुटके गडगडताहेत. हे हाइन्त्सेलमेनशेन. रात्री गुपचूप येऊन गावाची कामं उरकायचे म्हणे. सुतार झोपलेले, घर उभं. खाटीक घोरतोय, सॉसेज तयार. शिंप्यालाही महापौरांचा कोट आयता शिवून मिळाला. शिंपिणीला मात्र राहवेना. तिने वाटाणे पसरले, बुटके घसरले, ती कंदील घेऊन धावली; ते गेले ते गेलेच. आउगुस्ट कोपिशने १८३६ मध्ये यावर कविता केली. बाईच्या नावाने खडे फोडणं अजून चालू आहे.

मला तिचंच पटतं. अख्खं गाव आयतं खाऊन ढेकर देत होतं. हे करतं कोण, असं वाटलं ते तिला एकटीला.

ही खोड मलाही आहे. लहानपणी आजी नैवेद्य दाखवायची. पानाभोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, तेवढ्यात देव जेवून घेतो. एकदा मी डोळे किलकिले करून बघत राहिले. वरणावरचं तूप थिजत होतं. एक मुंगी पानाच्या कडेने निघाली होती. देव ढिम्म. आजीला कळलंच. "बघत होतीस ना? आता कसला जेवतोय तो!" देव माझ्यामुळे उपाशी राहिला, म्हणून रात्री मला भात गेला नाही.

तुपावरून आठवलं, डेन्मार्कचा निसे, तोही असाच घरातला बुटका. नाताळच्या रात्री त्याला लापशी ठेवायची, वर लोणी हवंच. एकदा लोणी दिसेना म्हणून पठ्ठ्याने गोठ्यातली गाय मारली. मग लापशी संपवली, तर लोणी तळाशी! शेवटी शेजाऱ्याच्या गोठ्यातून तशीच गाय आणून बांधली. स्कॉटलंडचा ब्राउनी नावाचा कामसू बुटका तर नवे कपडे दिले तरी कायमचा निघून जातो. यांचे रुसवे कोणी सांभाळायचे?

रात्री भांडी घासायचा कंटाळा आला. सिंकमध्ये तशीच ठेवली. फ्रीजखालचा दाणा मात्र केरसुणीने काढला, उगाच कोणी घसरायला नको.

सकाळी भांडी तिथेच होती.