आमची वाटचाल : बीटलचे पुढचे सस्पेन्शन खाली घेताना

आमची कार्यशाळा सुरू झाली ती जुन्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांच्या पत्र्याच्या आणि इंजिनाच्या कामासाठी. पुढचे सस्पेन्शन खाली घेण्याचे काम आम्ही ठरवून हाती घेतले नव्हते. अन्यत्र खाली घेतलेल्या गाड्या आमच्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागल्या आणि त्या सुधारता सुधारता तेच आमचे मुख्य काम होऊन बसले. गाडी दिसते झोकदार, पण वेग वाढला की सरळ चालत नाही, खड्ड्यातला दणका थेट स्टिअरिंगवर जाणवतो, पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो, अशा त्या तक्रारी असत.

बीटलला पुढे कॉइल स्प्रिंग नसते. एकाखाली एक अशा दोन आडव्या नळ्या असतात, प्रत्येकीत पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, तो मध्यभागी स्क्रूने पक्का धरलेला असतो आणि त्याच्या टोकांना चाकाकडे जाणारे हात जोडलेले असतात. चाक वर उचलले गेले की पट्ट्यांना पीळ बसतो आणि त्या पिळावरच गाडीचे वजन तोलले जाते. काही कारागीर या जुडग्यातल्या निम्म्या पट्ट्या काढून टाकतात. गाडी खाली बसते खरी, पण सस्पेन्शन इतके मऊ होते की थोड्याशा उंचवट्यावरही हात रबरी स्टॉपवर आपटतात. असे काम करून देण्यास आम्ही सुरुवातीपासून नकार देत आलो आहोत, आणि त्यामुळे काही ग्राहक गमावलेही.

आम्ही नळीचा मधला भाग कापून तेथे दातेरी ॲडजस्टर वेल्ड करतो. जुडग्याचा मध्य ज्या कोनात धरला जाईल, त्यानुसार पट्ट्यांची संख्या तीच ठेवून उंची कमी-जास्त करता येते. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकू नये म्हणून आम्ही एक भक्कम जिग, म्हणजे नळी जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारा साचा, तयार करून घेतला. कार्यशाळेतल्या कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा या जिगवर माझा अधिक जीव आहे. गाडी खाली आली की मूळ शॉक ॲब्सॉर्बर जवळजवळ मिटलेल्या अवस्थेतच काम करू लागतात, म्हणून कमी लांबीचे बसवावे लागतात. ऑगस्ट 1965 पासून या गाड्यांना चाक ज्याभोवती वळते त्या किंग पिनऐवजी (उभ्या खिळीऐवजी) बॉल जॉइंट (गोलाकार सांधे) आले आणि त्यांच्या हालचालीला मर्यादा असते. गाडी फार खाली घेतली तर ते अडकू लागतात. अशा गाड्यांना आम्ही शक्यतो खाली घेतलेले स्पिंडल (चाक ज्या दांड्यावर बसते तो भाग) सुचवतो. त्यात चाकाचा अक्षच वर सरकतो आणि हातांचा मूळ कोन कायम राहतो. चाके मात्र दोन्ही बाजूंना थोडी बाहेर येतात, आणि रिम निवडताना ते लक्षात घ्यावे लागते.

आमच्या कामाला खरे वळण मिळाले ते कॅस्टरमुळे, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो त्या कोनामुळे. केवळ पुढचा भाग खाली घेतला की संपूर्ण गाडी पुढे झुकते, स्टिअरिंगचा अक्ष तितकाच पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. मग चाके आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते आणि वेगात गाडी इकडेतिकडे भटकते. खालची नळी आणि फ्रेम यांच्यामध्ये पाचरीसारखे शिम घातले की ती नळी किंचित पुढे येते आणि गमावलेला कॅस्टर बराचसा परत मिळतो. भाग अगदी साधा आहे, पण त्याने भल्याभल्या ग्राहकांची धास्ती घालवली. हे कळल्यानंतर आम्ही स्वतःचे अलाइनमेंट यंत्र घेतले आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल), कॅस्टर व टो (वरून पाहता चाके पुढे आत किंवा बाहेर वळलेली असणे) मोजल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही असा नियम केला. ब्रेकचा होज पूर्ण वळणावर ताणला जातो का, हेही त्याच वेळी पाहिले जाते. हेडलाइटची दिशाही नव्याने लावून दिली जाते, कारण नाक खाली झुकलेल्या गाडीचा उजेड जवळच्या रस्त्यावरच पडतो.

ऑगस्ट 1970 पासून निघालेल्या 1302 मॉडेलला ही नळ्यांची रचना नाही, तिला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब) आहेत. तेथे आखूड स्प्रिंगबरोबर योग्य लांबीचे इन्सर्ट (स्ट्रटच्या आत बसणारे शॉक ॲब्सॉर्बर) निवडावे लागतात, खालच्या हाताचा कोनही सांभाळावा लागतो, आणि सध्या आमचा बराचसा वेळ याच कामात जातो.