तुम्ही विचारलंत म्हणून: पळायचं, पण कुठून कुठे?

सुट्टीत पुण्याला आले की पळणाऱ्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. "तुझ्याकडे काय बाई, सगळं हिरवंगार आणि सपाट! एखादा चांगला रूट सांग ना, तिकडे आलो तर पळू." रूट सांगते. पण आधी ते 'सपाट' मागे घ्या.

मी राहते फ्रान्समध्ये, लील-जुर्दँला. तुलूझच्या पश्चिमेला, रेल्वेने तासाच्या आत. इथून जेर्स जिल्हा सुरू होतो. डोंगर एकही नाही. गहू, सूर्यफूल, मका आणि मधूनच टेकाडावर चर्चचा मनोरा. फोटोत बघाल तर कुणी गोधडी झटकून तशीच अंथरून ठेवल्यासारखं वाटेल. त्या सुरकुत्या पायांना कळतात, फोटोला नाही. पहिल्या वर्षी मी वीस किलोमीटर निवांत म्हणून निघाले आणि घड्याळाने शेवटी साडेतीनशे मीटर चढाई दाखवली. सिंहगड एकदा चढला की चढला, मग खाली यायचं. इथे चढ संपतच नाही. हप्त्याहप्त्याने वसूल होतो.

कारण नद्या. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लानमेझाँचं पठार आहे. तिथून साव, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात. नद्या कसल्या, उन्हाळ्यात आपल्या ओढ्याएवढ्याच. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या नेस्त कालव्याने डोंगरातलं पाणी त्यांच्यात सोडलं जातं म्हणून त्या वाहत्या राहतात. दर दोन नद्यांच्या मध्ये एक लांबलचक टेकाड. टेकाडाच्या माथ्यावरून, नदीला समांतर पळालात तर कितीही पळा, दम लागणार नाही. आडवे गेलात की प्रत्येक नदीला उतरा, प्रत्येक टेकाडाला चढा.

आणि खरी गंमत पुढे आहे. ही खोरी दोन्ही बाजूंनी सारखी नाहीत. पश्चिमेकडचा काठ लांब आणि मंद उताराचा, पूर्वेकडचा आखूड आणि उभा. म्हणजे तुम्ही पूर्वेकडे पळत असाल तर चढ छोटा पण छातीवर येणारा, आणि मग लांबच लांब मजेचा उतार. पश्चिमेकडे निघालात तर उलटं: गुडघे ठोकणारा उतार आणि न संपणारा चढ. वाट तीच, नदी तीच, फक्त तोंड फिरवलं! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी घरातून निघून पश्चिमेकडेच पळत होते आणि आपलं वय झालं असं समजत होते.

आता मी सकाळच्या गाडीने पश्चिमेकडच्या जिमाँ गावाला जाते आणि पूर्वेकडे, घराकडे पळत येते. जिमाँच्या मुख्य रस्त्यावर जुनी लाकडी छपराची मंडई आहे, रस्ता तिच्या पोटातून जातो. तिथे बेकरीत शोकोलातीन घ्या. चॉकलेट घातलेल्या या पावाला पॅरिसमध्ये दुसरं नाव आहे, ते इथे उच्चारू नका. पुढे जेएर ६५३ ही खुणांची वाट धरायची. आर्ल गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. ते पश्चिमेकडे चाललेले असतात, मी उलटी. पाठीवर शिंपला, म्हणजे या यात्रेची खूण, लटकवलेले आजोबा-आजी हात उंचावून "बाँ कुराज", म्हणजे हिंमत धरा, म्हणतात. वारीच्या वाटेवर उलट्या दिशेने पळणाऱ्याला माउली काय म्हणतील, असं उगाच मनात येतं. जुलैत सूर्यफुलंही पाठ दाखवतात. पूर्ण उमललेलं सूर्यफूल पूर्वेकडेच तोंड करून राहतं, त्यामुळे मागून येणाऱ्या मला हजारो हिरवी डोकी तेवढी दिसतात.

खुणा सोप्या आहेत. झाडावर, खांबावर पांढरा-लाल पट्टा दिसला की वाट बरोबर. पट्टा वळलेला असेल तर वळायचं. त्याच दोन रंगांची फुली असेल तर तिकडे जायचं नाही. मी एकदा फुलीला 'इथेच, इथेच' असं समजून पुढे गेले आणि थेट एका बदकपालनाच्या वाड्यात शिरले. शेकडो बदकांनी एकदम मान वळवून बघणं काय असतं ते तेव्हा कळलं.

पावसानंतर मात्र शेतातली वाट विसरा. इथल्या चिकण जमिनीला तेर्फोर म्हणतात. आमच्या बार्शीकडची काळी माती पायाला धरते, तशीच ही धरते. एकेका बुटाला किलोभर लगदा. वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही, तसं वाफसा आल्याशिवाय पळणं नाही. त्या दिवसांत डांबरी रस्त्याने जावं, डाव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. भारतातली सवय इथे उलटी करावी लागते. आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रविवारी अंगात भडक नारिंगी काहीतरी हवंच. शिकारीचा मुख्य हंगाम तो. वाटेवर 'शिकार चालू आहे' अशी पाटी दिसली की मी सरळ मागे फिरते, हिशेब चुकला तरी चालेल.

राहिलं पाणी. दुकान बारा-बारा किलोमीटर मिळणार नाही, पण प्रत्येक गावाबाहेर दफनभूमी असते आणि तिथे बहुतेक ठिकाणी फुलझाडांसाठी नळ असतो. 'ओ नों पोताब्ल', म्हणजे पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलेलं नसेल तर यात्रेकरू तिथेच बाटल्या भरतात, मीही भरते. हे फोनवर सहज आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ तरी करतेस ना?" करते, असं सांगितलंय.

तर यायचं असेल तर मे-जूनमध्ये या, नाहीतर ऑक्टोबरात. जुलै-ऑगस्टचं ऊन बार्शीची आठवण करून देतं, त्यासाठी इतक्या लांब कशाला? नकाशा घ्या, त्यावरच्या निळ्या रेघा आधी बघा, मग वाट ठरवा. आणि जिमाँचं तिकीट एकेरीच काढा.